उंदराला घाई होते का?

गेल्या महिन्यात आत्याला डॉक्टरांकडून घरी सोडायला गेले होते. रिक्षात चाळीस मिनिटं आम्ही ट्रॅफिकमध्ये अडकलो होतो आणि ती मजेत गप्पा मारत होती. जिन्यातही मजेत. दाराशी पोचलो, तिनं पर्समधून किल्ली काढली आणि एकदम तिचा चेहरा बदलला. किल्ली कुलपात जाईना. "अगं तू उघड, तू उघड लवकर!" मी उघडेपर्यंत तिनं पर्स, औषधांची पिशवी, सगळं तिथंच टाकलं आणि चपलांसकट आत पळाली. पोचली नाही.

नंतर साडी बदलून बाहेर आली, चहाचं आधण ठेवलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "कुणाला सांगू नकोस हं."

(हे इथे लिहायची परवानगी तिनंच दिली आहे. "माझं नाव घालू नकोस म्हणजे झालं," म्हणाली. आमच्या घरात आत्या तीन आहेत, तेव्हा वाचणाऱ्या नातेवाइकांनी खुशाल डोकं लढवत बसावं.)

आत्याला जे होतं त्याला डॉक्टरी भाषेत ओव्हरअ‍ॅक्टिव्ह ब्लॅडर म्हणतात. सारखी लागते, रात्री तीनदा-चारदा उठावं लागतं, पण मुख्य म्हणजे अशी घाईची लागते की धरवत नाही. दोन वर्षं ती कुठल्याही लग्नाला गेलेली नाही. गेली तरी आधी कार्यालयाचं बाथरूम कुठे आहे ते बघते, मग नवरा-नवरी. एसटीत बसत नाही. बाहेर पडायचं असलं की सकाळपासून पाणी पीत नाही आणि मग दुपारी डोकं धरून बसते. हा जिवावरचा आजार नाही, त्यामुळे कुणाला त्याचं काही वाटत नाही. पण माणूस घरात कोंडला जातो, तोही गुपचूप.

हे सगळं आज लिहायचं कारण वेगळंच आहे. परवा जेवताना मी आत्याचा विषय काढला (तेव्हाही नाव न घेता), तर आमचा एक चुलतभाऊ, जो औषध कंपनीत संशोधनात आहे, अगदी उत्साहानं म्हणाला, "अगं, काळजी करू नकोस. ओव्हरअ‍ॅक्टिव्ह ब्लॅडरच्या उंदरांवर मस्त रिझल्ट येतायत. येईल काहीतरी." आणि माझं डोकंच फिरलं. ताटावर भांडण नको म्हणून गप्प बसले. ते भांडण आता इथे करते. दादा, वाचतोयस ना?

माझा मुद्दा एका वाक्यात सांगते. ओव्हरअ‍ॅक्टिव्ह ब्लॅडर झालेला उंदीर आजवर कुणी पाहिलेला नाही, आणि पाहता येणारही नाही. तरी त्या नावाखाली वर्षानुवर्षं उंदीर मारले जातात, प्रबंध लिहिले जातात आणि आत्यासारख्यांना आशा दाखवली जाते. हे मी बाहेरून बोलत नाही. मी स्वतः हे केलेलं आहे.

एम. फार्म.ला माझा विषय हाच होता. कॉलेजचं नाव नको, आणि तसंही इतर ठिकाणी याहून वेगळं चालत असेल असं मला वाटत नाही. सहा-सहा उंदरांचे पाच गट, एकूण तीस. सायक्लोफॉस्फमाइड नावाचं कॅन्सरवरचं औषध त्यांना टोचायचं. शरीरात त्याचे तुकडे पडतात, त्यातला अ‍ॅक्रोलिन नावाचा तुकडा लघवीत साठतो आणि मूत्राशयाचं आतलं अस्तर अक्षरशः भाजून काढतो. कॅन्सरच्या पेशंटना हा त्रास होऊ नये म्हणून मेस्ना नावाचं वेगळं औषध देतात. आमच्या उंदरांना अर्थातच ते द्यायचं नव्हतं. दुसऱ्या दिवशी पिंजऱ्यात बघितलं की ते पाठीचं कुबड काढून, केस पिंजारून, डोळे अर्धे मिटून कोपऱ्यात बसलेले असायचे. थेंब थेंब लघवी, कधी रक्ताची. मग त्यांना युरेथेनची भूल द्यायची. ही भूल घेतात कारण तिच्यात लघवीची प्रतिक्षिप्त क्रिया बऱ्यापैकी शाबूत राहते. पण युरेथेन विषारी आहे, त्यातून प्राण्याला पुन्हा उठवत नाहीत. पोट उघडून मूत्राशयाच्या माथ्यावर बारीक नळी बसवायची, पंपानं सलाइन सोडायचं आणि आतल्या दाबाचा आलेख घ्यायचा. आलेखावर डोंगर उठतात. डोंगर जवळजवळ आले की लिहायचं, मूत्राशय अतिसक्रिय झालं. औषध दिल्यावर डोंगर लांब लांब गेले की लिहायचं, औषध लागू पडलं.

मी लिहिलं. पहिल्याच पानावर ठसठशीत लिहिलं की हे ओव्हरअ‍ॅक्टिव्ह ब्लॅडरचं अ‍ॅनिमल मॉडेल आहे. गाइडनी सही केली, बाहेरून आलेल्या परीक्षकांनी चहा-बिस्किटं खाऊन शाबासकी दिली.

आता ज्या आजाराचं हे मॉडेल म्हणायचं, त्याची व्याख्या बघा. आंतरराष्ट्रीय कॉन्टिनन्स सोसायटीनं २००२ साली ती ठरवून दिली. अचानक उठणारी, पुढे ढकलणं कठीण जाणारी लघवीची तीव्र इच्छा, म्हणजे घाई, हे मुख्य लक्षण. बहुतेकदा जोडीला वारंवार जाणं आणि रात्री उठणं. कधी कपडे ओले होतात, कधी होत नाहीत. आणि महत्त्वाची अट अशी की जंतुसंसर्ग किंवा दुसरा काही उघड बिघाड सापडलेला नसावा.

म्हणजे या आजाराला दोन अटी. एक, माणसानं सांगितलं पाहिजे की मला घाई होते. दोन, मूत्राशयात उघड दिसणारं दुखणं नसलं पाहिजे. माझ्या उंदरांचं मूत्राशय मी स्वतः भाजलेलं होतं. आणि त्यांना घाई होते का, हे विचारायची सोय नव्हती. दोन्ही अटींत नापास. तरी नाव तेच! आत्या उद्या अ‍ॅसिडनं भाजलेलं मूत्राशय घेऊन डॉक्टरांकडे गेली तर ते तिला ओव्हरअ‍ॅक्टिव्ह ब्लॅडर म्हणणार नाहीत. उंदराला मात्र बिनदिक्कत म्हणतात.

बाकीची मॉडेलं तरी काय आहेत? मूत्रमार्गाभोवती दोरा बांधून तो अर्धवट आवळायचा आणि काही आठवडे थांबायचं. मूत्राशय जोर लावून लावून जाड होतं, त्याचं वजन कित्येक पटींनी वाढतं. हे प्रोस्टेट वाढलेल्या आजोबांशी थोडंफार जुळतं, आत्याशी नाही. पाठीचा कणा छातीच्या पातळीवर कापायचा. काही आठवड्यांनी मूत्राशय मेंदूला न विचारता आपलं आपण आकसू लागतं. हे अपघातात मज्जारज्जू तुटलेल्या माणसाशी जुळतं. पण त्या माणसाला घाई जाणवतच नाही, कारण जाणवण्याचा रस्ताच तुटलेला असतो. मूत्राशयात अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड सोडायचं, म्हणजे आपलं व्हिनेगर. त्याबद्दल काही बोलायलाच नको. आणि एक जात आहे जन्मतः रक्तदाब असणाऱ्या उंदरांची, १९६३ साली जपानमध्ये क्योटोला ओकामोटो आणि आओकी यांनी तयार केलेली. तिचा मूळ उपयोग रक्तदाबाच्या अभ्यासाला. पुढे लक्षात आलं की हे उंदीर लघवीलाही जास्त वेळा जातात, म्हणून त्यांनाही या कामाला जुंपलं. त्यातल्या त्यात हेच मला प्रामाणिक वाटतं, कारण निदान कुणी मुद्दाम जखम केलेली नाही. पण 'जास्त वेळा जातो' आणि 'घाई होते' यांत फरक आहे की नाही? माझा शेजारी दर अर्ध्या तासाला सिगरेट ओढायला गॅलरीत जातो. त्याला काय गॅलरीची घाई होते?

आणि मुळात उंदीर लघवी कशासाठी करतो? आपण पिशवी रिकामी करायला करतो. तो लघवीनं निरोपही लिहितो. १९७३ साली सायन्स मासिकात एक फार सुंदर प्रयोग छापून आला होता. छोट्या उंदरांच्या, म्हणजे माउसच्या, पिंजऱ्याखालचा कागद अतिनील प्रकाशात धरला तर लघवीचे ठिपके चमकतात. दादागिरी करणाऱ्या नरानं सगळा कागद ठिपक्यांनी भरून टाकलेला, आणि हरलेल्या नरानं बिचाऱ्यानं कोपऱ्यात दोन-चार थारोळी केलेली. म्हणजे जो सारखा थेंब थेंब लघवी करतो तो तिथला दादा! त्याच्या कागदावर उद्या कुणी ओव्हरअ‍ॅक्टिव्ह ब्लॅडर असं निदान लिहिलं तर?

शरीराचं यंत्रही वेगळं. माणसाचं निरोगी मूत्राशय आकसतं ते जवळजवळ सगळं अ‍ॅसिटिलकोलीन या एका रसायनाच्या हुकमावर. उंदरात एटीपी या दुसऱ्या रसायनाचा वाटा मोठा असतो, त्यामुळे अ‍ॅट्रोपीन देऊनही आकसणं पूर्ण थांबत नाही. उंदीर लघवी सोडताना बाहेरचा स्नायू भराभर उघडझाप करून ती पिचकारीसारखी सोडतो. आपण तो स्नायू सैल सोडतो. उंदीर रात्री जागतो आणि दिवसा झोपतो, प्रयोग मात्र ऑफिसच्या वेळेत. आणि वय! आम्ही तरुण, तंदुरुस्त माद्या घेत होतो, कारण त्यांच्या मूत्रमार्गात नळी घालणं सोपं जातं. आत्या ७१ वर्षांची आहे. तिच्या वयाची उंदरीण ठेवायची तर दोन वर्षं पोसावी लागेल. प्रबंध त्याच्या आत संपवायचा असतो.

अजून एक हिशेब सांगते. उंदराला दिवसभरात साधारण १० ते २० मिली लघवी होते, म्हणजे तासाला एक मिलीसुद्धा नाही. आमचा पंप तासाला ६ मिली सोडत होता. हा दर काही आमच्या मनाचा नव्हता, जुन्या पेपरातून घेतलेला. त्याच प्रमाणात आत्याच्या मूत्राशयात तासाला अर्ध्या लिटरहून जास्त भरावं लागेल. तेही पोट फाडून, भूल देऊन.

इथे दादा लगेच म्हणेल की माणसाच्या युरोडायनॅमिक तपासणीतही भराभरच पाणी भरतात. बरोबर आहे. आत्याचीही केली होती. पण त्या तपासणीत शेजारी बसलेली बाई दर थोड्या वेळानं विचारत होती, "मावशी, आता काही जाणवतं का? आता? आता घरी असता तर गेला असता का? आता धरवेल का?" आणि आत्या जे म्हणेल ते आलेखावर लिहून ठेवत होती. ती तपासणी त्या प्रश्नांवरच उभी असते. नुसता दाबाचा आलेख पुरेसा नसतो, कारण घाई होणाऱ्या कितीतरी बायकांच्या आलेखावर एकही डोंगर दिसत नाही, आणि ज्यांना काहीच त्रास नाही अशा काहींच्या आलेखावर दिसतो. माणसात जो आलेख आजाराशी धड जुळत नाही, तोच आलेख उंदरात काढून आपण म्हणतो, हा घ्या आजार.

आता दुसरी बाजू. मला प्राणीप्रयोग नकोतच असं म्हणणाऱ्यांतली मी नाही, आणि इतकी कृतघ्नही नाही. पिट्सबर्गच्या डी ग्रोट यांनी मज्जारज्जू कापलेल्या मांजरांवर आणि उंदरांवर केलेल्या कामातून कळलं की इजा झाल्यावर मूत्राशयातले एरवी झोपलेले बारीक मज्जातंतू जागे होतात आणि आकसण्याचा नवा रस्ता तयार करतात. हे तंतू कॅप्सेसिननं, म्हणजे मिरचीच्या तिखटानं, गप्प करता येतात. त्यावरून १९९० च्या दशकात लंडनला मल्टिपल स्क्लेरोसिसच्या पेशंटच्या मूत्राशयात खरोखरच कॅप्सेसिन सोडून बघितलं गेलं, आणि काहींना फायदाही झाला. इथे मांजर आणि माणूस दोघांचंही दुखणं मज्जासंस्थेचं होतं, म्हणून ते जुळलं. नाव खरं होतं.

दुसरं उदाहरण २०२० सालचं. पीझो-२ नावाचं एक प्रथिन ताण ओळखतं. (पीझो प्रथिनांच्या शोधासाठी पॅटापूटियन यांना २०२१ चं नोबेल मिळालं.) हे प्रथिन नसलेल्या माउसचं मूत्राशय भरल्याचा निरोप नीट पोचत नाही, असं दिसलं. पण संशोधक तिथे थांबले नाहीत. ज्यांच्यात जन्मतः हे प्रथिन काम करत नाही अशी मोजकी माणसं जगात आहेत. त्यांना जाऊन विचारलं. त्यांच्यातल्या अनेकांनी सांगितलं की लघवी लागल्याचं आम्हाला नीट कळत नाही, आम्ही घड्याळ बघून जातो. माउसनं यंत्र दाखवलं आणि माणसानं जाणीव सांगितली. हे मला पटतं. एकाच्या तोंडचं वाक्य दुसऱ्याच्या तोंडी घातलं नाही.

आणि जिथे घातलं तिथे काय झालं? पोटॅशियम चॅनेल उघडणारी औषधं प्राण्यांच्या मूत्राशयात छान दिसली होती. त्यातलं एक २००६ साली पेशंटमध्ये तपासलं, तर ते नुसत्या साखरेच्या गोळीपेक्षा सरस ठरलं नाही. न्यूरोकायनिन रोखणाऱ्या औषधांकडूनही फार आशा होत्या. सर्लोपिटंट २०१० साली माणसांत तपासलं, तर लघवीच्या वेळा थोड्या कमी झाल्या पण जुन्या टोल्टेरोडिनपेक्षा काही जास्त मिळालं नाही. टोल्टेरोडिनची स्वतःची गोष्ट तर अजून मजेशीर. भूल दिलेल्या मांजरात ते लाळेपेक्षा मूत्राशयावर जास्त काम करतं असं दिसलं होतं, आणि तीच त्याची मोठी जमेची बाजू. १९९८ साली अमेरिकेत ते बाजारात आलं. जुन्या ऑक्सिब्युटिनिनपेक्षा ते बरं, हे खरं. पण माणसांत त्याचा सगळ्यात जास्त आढळणारा दुष्परिणाम कुठला? तोंड कोरडं पडणं!

आत्यानं याच जातकुळीतल्या गोळ्या दोन महिने घेतल्या. जीभ टाळूला चिकटायची, पोट साफ होईना. बंद केल्या. तिचं काही वेगळं नाही, वर्षभराच्या आत या गोळ्या सोडून देणारेच जास्त असतात. शिवाय २०१५ साली अमेरिकेत एक मोठी पाहणी छापून आली. तिच्यात असं दिसलं की अशी औषधं वर्षानुवर्षं भरपूर घेणाऱ्या म्हाताऱ्या माणसांत स्मृतिभ्रंशाचं प्रमाण जास्त आहे. औषधामुळेच झालं असं त्यातून सिद्ध होत नाही. पण ७१ वर्षांच्या बाईच्या घरच्यांना विचार करायला ते पुरेसं आहे. युरेथेनच्या भुलीतल्या उंदरावरून हे कळलं नसतं, कारण त्याला संध्याकाळ बघायचीच नसते.

"मग मिराबेग्रॉन?" दादा म्हणेल. म्हणू दे, कारण ते उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. बीटा-३ रिसेप्टरवरची औषधं आधी लठ्ठपणा आणि मधुमेहासाठी शोधत होते. उंदरांची चरबी झकास वितळली. माणसांची वितळली नाही, कारण आपली चरबीही वेगळी आणि आपला रिसेप्टरही. मग १९९० च्या दशकाच्या शेवटी जपानमध्ये ऑपरेशनच्या वेळी मिळालेल्या माणसाच्या मूत्राशयाच्या पट्ट्या तपासल्या. तेव्हा दिसलं की मूत्राशय सैल करण्याचं काम माणसात मुख्यतः बीटा-३ करतं. उंदरात त्या कामात बीटा-२ चाही हात असतो. मिराबेग्रॉन २०११ साली जपानमध्ये आणि २०१२ साली अमेरिकेत मंजूर झालं. मधल्या काळात उंदरांवरही प्रयोग झाले, नाही म्हणत नाही. पण दिशा दाखवली ती माणसाच्या बोटभर पट्टीनं.

मग माझं म्हणणं काय? फार क्रांतिकारक नाही.

पहिलं, खोटं नाव टाका. मूत्राशय भाजलं असेल तर भाजलेलं मूत्राशय म्हणा. दोरा बांधला असेल तर अडथळा म्हणा, कणा कापला असेल तर कणा कापला म्हणा. यानं विज्ञानाचं काडीचं नुकसान होत नाही. फक्त शेवटच्या परिच्छेदात 'हे औषध ओव्हरअ‍ॅक्टिव्ह ब्लॅडरवर उपयोगी ठरू शकेल' असं फुकट लिहिता येणार नाही. ते वाक्य मी पण लिहिलेलं आहे, आणि कशाच्या आधारावर ते आज मला सांगता येत नाही.

दुसरं, प्रयोग करायचाच तर म्हातारे प्राणी घ्या, नर-मादी दोन्ही घ्या, जागेपणी, त्यांच्या पिंजऱ्यात, त्यांच्या रात्री, आपोआप भरणाऱ्या मूत्राशयावर बघा. खर्च आणि वेळ जास्त लागेल. लागू दे. कमी होतील, पण बरे होतील. रसेल आणि बर्च यांनी १९५९ सालीच सांगून ठेवलंय की पर्याय शोधा, संख्या कमी करा, यातना कमी करा. आपल्याकडे १९६० च्या कायद्याखाली त्यासाठी समित्या आहेत. माझाही फॉर्म समितीपुढे गेला होता. किती उंदीर, कुठली भूल, कसे मारणार, सगळं विचारलं होतं. हा उंदीर खरंच त्या आजाराचा आहे का, हे कुणी विचारलं नाही. तो रकानाच नव्हता.

तिसरं, ज्यांना बोलता येतं त्यांना विचारा. आपल्याकडच्या बायकांच्या घाईबद्दल आपल्याला कितीसं माहीत आहे? वर्षानुवर्षं दाबून धरणाऱ्या, बाहेर जागा नाही म्हणून पाणीच न पिणाऱ्या बायका आपल्या घराघरांत आहेत. मुंबईत २०११ पासून 'राइट टू पी' म्हणून बायकांना रस्त्यावर मोफत, स्वच्छ मुताऱ्या मिळाव्यात याची चळवळ चालली. तेव्हा कित्येकांनी नावालाच फिदीफिदी हसून घेतलं. सवयीनं धरून ठेवण्याचा आणि पुढच्या घाईचा संबंध काय, हे विचारायला पिंजरा लागत नाही. वही लागते.

वहीवरून आठवलं. त्या किल्लीच्या प्रसंगानंतर मी आत्याला एक शंभरपानी वही आणून दिली. किती वाजता काय प्यायली, किती वाजता गेली, किती झाली (स्वयंपाकघरातलं जुनं मापाचं भांडं त्यासाठी कायमचं बाद झालं), आणि घाई झाली का, झाली तर काय करत असताना. डॉक्टर याला ब्लॅडर डायरी म्हणतात. तीन दिवसांची पुरते. आत्यानं आठ दिवस लिहिली, हिशेबाच्या वहीच्या टापटिपीनं. शेवटच्या रकान्यात काय काय होतं बघा. 'कुलपात किल्ली घालताना.' 'भांड्यांचा नळ सोडल्यावर.' 'लिफ्ट आपल्या मजल्यावर थांबली तेव्हा.' 'सूनबाई बाथरूममध्ये गेली आणि कडी लागल्याचा आवाज आला तेव्हा.' आणि एका रविवारी, नातू आला होता त्या दिवशी, सलग साडेतीन तास काहीच नाही.

डॉक्टरांनी ती वही माझ्यासमोर शांतपणे वाचली. दुपारनंतरचा चहा कमी करायला सांगितला, ओटीपोटाच्या स्नायूंचा व्यायाम शिकवला, घाई आली की पळायचं नाही, उभं राहून स्नायू आवळायचे, ती लाट ओसरू द्यायची आणि मग चालत जायचं. आणि दिवसभर पाणी नीट प्यायचं. पाच आठवडे झाले. बरी झाली असं मी म्हणणार नाही, अजून रात्री दोनदा उठते. पण काल फोन आला होता, तुळशीबागेत जाऊन आली म्हणे. एकटी. दाराशी पोचल्यावर किल्ली आधी मुठीत धरली, वीस आकडे मोजले आणि मग कुलूप उघडलं.

दादा, तुझ्या उंदरांना माझा विरोध नाही. पण त्यांना आत्याच्या आजाराचं नाव देण्याआधी एकदा ती वही वाचायला ये. आत्या तुला पोहे करून घालेल. कुठली आत्या ते मात्र तूच ओळखायचं.